टाकीवरच्या बागेला शून्य

मला कळलं ते मंगळवारी, सकाळी पावणेअकराला. त्या वेळी मी रुग्णालयाच्या तळमजल्यावर पासाच्या खिडकीशी वाद घालत होतो. माझ्याकडचा पास हिरवा होता आणि त्या दिवसापासून पिवळे पास सुरू झाले होते.

"काल संध्याकाळपर्यंत हाच चालत होता," मी म्हणालो.

"काल चालत होता," खिडकीतला माणूस म्हणाला.

मी आवाज चढवला. तेवढ्यात वरून, बायकोच्या वॉर्डातून, नर्स आली आणि माझ्या बाहीला हात लावून म्हणाली, "आजोबा, वर चला." आजोबा म्हटल्याचा मला राग आला. त्या रागातच मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. तिथल्या रखवालदाराने माझा पास न बघताच दार उघडून धरलं. तेव्हा मला कळलं.

त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. पुढची गोष्ट बागांची आहे.

त्यानंतर सहाव्या आठवड्यात बायकोच्या नावाने एक पत्र आलं. महापालिकेच्या उद्यान विभागाचं. "महोदया, आपल्या अर्जास अनुसरून वार्षिक उद्यान स्पर्धेच्या पूर्व विभागासाठी आपली परीक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे." अर्ज तीन वर्षांपूर्वीचा होता. तिने तो केल्याचं मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्यामुळे मी कशाकशाला हसेन हे तिला पाठ होतं.

पत्राबरोबर अकरा बागांची यादी होती. चार सार्वजनिक, सात खाजगी. मी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, सरकारी पत्र घरात तसंच पडू देणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी मी ते परत करायला गेलो.

खिडकी क्रमांक चारवर एक बाई बसल्या होत्या. चष्मा डोक्यावर होता आणि त्या टेबलावर चष्मा शोधत होत्या.

"या परीक्षक येऊ शकणार नाहीत," मी पत्र पुढे सरकवलं. पुढचं वाक्य मी घरून जुळवून आणलं होतं.

"म्हणजे रद्द करायचंय?"

"हो."

"रद्द करायला परीक्षकांना स्वतः यावं लागेल."

"त्या येऊ शकत नाहीत, म्हणूनच तर."

"येऊ शकत नसतील तर ते रद्द होत नाही काका, ते गैरहजर होतं. नमुना तीन." त्यांनी एक कागद काढला. "घरातल्या मोठ्या माणसाने प्रतिनिधी म्हणून सही करायची. बागा बघायच्या, तक्ते भरून आणून द्यायचे."

"पण मला बागेतलं काही कळत नाही."

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. "तसा रकाना नाही," त्या म्हणाल्या.

जुळवून आणलेलं वाक्य बोलावं लागलं नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ते वाक्य मी तोवर कोणाहीपुढे उच्चारलं नव्हतं. घरी जे भेटायला यायचे त्यांना आधीच माहीत असायचं आणि ज्यांना माहीत नसायचं त्यांना मी टाळायचो. मी नमुना तीनवर सही केली.

इमारतीत बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, म्हणजे मी घरी पोचायच्या आत ती पोचली होती. वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यातच उभे होते. मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण सल्ला ते सर्व विषयांत देतात.

"बागेत शिरलं की बोलायचं नाही," ते म्हणाले. "दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग एकदाच 'हं' म्हणायचं. समोरचा गार पडतो."

"मला कोणाला गार पाडायचं नाही हो."

"परीक्षक आहात ना? मग पाडायलाच हवं."

समोरच्या दारातल्या वहिनींनी दार उघडं ठेवून हे सगळं ऐकलं होतं. "त्यांचं काही ऐकू नका भावजी. पान उलटं करून बघायचं. कीड मागच्या बाजूला बसते. फुलं काय, फुलं कोणीही आणून ठेवील."

लेकीला फोन केला. ती दूर दुसऱ्या शहरात असते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरातल्या एका कुंडीला कधी पाणी घातलं नाहीत."

"घातलंय. तुझी आई तुझ्या बाळंतपणाला आली होती तेव्हा."

"ती सगळी मेली होती, बाबा."

हे खरं होतं. पण त्यात पाण्याचा दोष होता, असं माझं मत आहे.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी लिफ्टचा निरीक्षक होतो. इमारतींत जायचं, लिफ्ट तपासायची, तक्ता भरायचा. दोर, ब्रेक, दार, वजनाची मर्यादा, असे मुद्दे असत आणि प्रत्येक मुद्द्यापुढच्या चौकोनात दोष किती सापडले तो आकडा लिहायचा. बऱ्या लिफ्टमध्ये चार-पाच दोष निघतातच. शून्य दोष मी अख्ख्या नोकरीत फक्त दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा घरी येऊन बायकोला अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने विचारलं होतं, "म्हणजे लिफ्ट चांगली होती ना?"

उद्यान विभागाने दिलेल्या कागदावर वर ठळक अक्षरांत 'निरीक्षण तक्ता' असं छापलं होतं. खाली पाच मुद्दे होते: स्वच्छता, रचना, रोपांची प्रकृती, पाण्याची सोय, कल्पकता. प्रत्येकापुढे 'दहापैकी' असं लिहून रिकामा चौकोन. तो तक्ता पाहून सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. चौकोन कसे भरायचे हे मी कोणालाही विचारलं नाही. ज्याने एकतीस वर्षं चौकोन भरले, त्याने काय म्हणून विचारायचं?

पहिली बाग मोठी सार्वजनिक होती. बांबूच्या बनातून जाणारी वाट, शेवटी कमळांचं तळं. मी मास्तरांच्या सल्ल्याप्रमाणे तळ्याकाठी दोन मिनिटं गप्प उभा राहिलो. पण तळ्याकाठचा दगड शेवाळलेला होता आणि माणूस गप्प असला तरी घसरतो. 'हं' म्हणायच्या वेळी माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत तळ्यात होता. तिथला मुकादम धावत आला आणि आधी त्याने कमळाचं पान सरळ केलं, मग मला हात दिला. मला याचं कौतुक वाटलं. ज्याचं जे काम, त्याने ते आधी करावं. त्याला मी एकूण सहा दोष दिले, त्यातला एक दगडाचा.

बांबूखालून परत येताना मात्र मी हळू चाललो. वर पानांचा आवाज होत होता, खाली माझ्या बुटातल्या पाण्याचा. या बागेपासून आमचं घर वीस मिनिटांवर आहे आणि मी तिथे पूर्वी कधीही गेलेलो नव्हतो.

दुसरी बाग एका दातांच्या डॉक्टरची, नवव्या मजल्यावरच्या गच्चीत. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि ती सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये थांबली. पन्नास मिनिटं. समोर काचेत तपासणीचा दाखला लावलेला होता आणि त्यावर खाली माझीच सही होती. बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला, "काळजी करू नका काका, नुकतीच तपासलेली लिफ्ट आहे! कोणीतरी चांगला निरीक्षक होता म्हणे!" दाखल्याची मुदत संपून वर्ष झालं होतं, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

पण गच्ची! जुन्या दवाखान्याच्या तीन खुर्च्या, ज्यांच्यावर माणसं आ करून बसतात त्या, ओळीत मांडल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून, हातांवरून, पाय ठेवायच्या जागेवरून नेचे खाली लोंबत होते. किती तऱ्हेचे नेचे! काहींची पानं बोटाएवढी, काहींची हातभर. डॉक्टर प्रत्येकाजवळ वाकून आवाज खाली आणून बोलत होता. "हा जरा घाबरट आहे. याला ऊन दाखवलं की आजारी पडतो." त्याच्या खुर्चीत आपण बसायला हरकत नाही, असं मला वाटलं, आणि दातांच्या डॉक्टरबद्दल असं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. मी वहिनींच्या सांगण्याप्रमाणे पानं उलटी केली. मागच्या बाजूला ओळीने तपकिरी ठिपके होते. "कीड," मी गंभीरपणे म्हणालो. डॉक्टर म्हणाला, "काका, ते बीजाणू आहेत. नेच्याला तिथेच येतात." मी ते पान सावकाश पुन्हा होतं तसं केलं. दोष तीन.

चौथी बाग दोन बहिणींची. थोरली सत्तरीची, धाकटी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. अंगणाच्या मध्ये एक दोरी बांधलेली. अलीकडे थोरलीचे गुलाब, पलीकडे धाकटीच्या भाज्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"त्यांना सांगा, त्यांच्या भोपळ्याची वेल माझ्या गुलाबात आली आहे," थोरली मला म्हणाली. धाकटी चार पावलांवर उभी होती.

मी धाकटीला सांगितलं.

"त्यांना सांगा, वेलीला दोरी वाचता येत नाही."

मी परत येऊन तेही सांगितलं. अशी मी दोरीच्या अलीकडे-पलीकडे पाऊण तास ये-जा केली आणि दोनदा माझी पँट गुलाबात अडकली. पण एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. ती वेल गुलाबांमधून जिथून जिथून गेली होती, तिथे तिथे गुलाबाची फांदी तिला वाट देऊन सुतळीने बाजूला बांधलेली होती. सुतळी थोरलीच्या बाजूची होती. मी ते पाहिल्याचं थोरलीने पाहिलं आणि ती तुसड्या आवाजात म्हणाली, "लिहा काय लिहायचं ते." मी दोन दोष लिहिले.

सातवी बाग एका मोठ्या कंपनीच्या निवृत्त चेअरमनची. लोक अजून त्यांना चेअरमनच म्हणतात. फाटकात शिरताच हिरवंगार गवत. मी बूट काढायला वाकलो तर चेअरमन म्हणाले, "चाला चाला, प्लास्टिकचं आहे!" सिमेंटचं हरीण होतं, सिमेंटचा बगळा होता, बटण दाबल्यावर सुरू होणारा धबधबा होता. खरी रोपं सहा होती आणि सहाही तहानेने मान टाकून उभी होती. मी वर्षानुवर्षं दोष काढण्याचं काम केलं, पण इतकं भरघोस काम मला एका जागी कधी मिळालं नव्हतं. अडतीस भरले. रोपांच्या प्रकृतीपुढे मी नऊ लिहिले. दहावा लिहिला नाही, कारण तिथलं कागदी फूल टवटवीत होतं. चेअरमन माणूस मात्र दिलदार. निघताना म्हणाले, "वहिनींना आमचा नमस्कार सांगा, त्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं." मी हो म्हणालो.

यादीतली शेवटची, अकरावी बाग सार्वजनिक होती, पण तिथे फाटकावर पाटीसुद्धा नव्हती. ती पाण्याच्या टाकीवर होती. म्हणजे जमिनीत पुरलेल्या मोठ्या टाकीच्या सपाट झाकणावर. राखणारी साठीला आलेली एक माळीणबाई, एकटीच. बसलेल्या जागेवरून न उठता तिने विचारलं, "मीटर बघायला आलात?"

"परीक्षक. म्हणजे प्रतिनिधी."

"मग बघा."

मी पाहिलं. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बुटकी झाडं होती. एकही रोप गुडघ्याच्या वर नाही. पानांचेच रंग लावलेले, राखाडीपासून निळसरापर्यंत, निळसरापासून पोपटीपर्यंत, आणि मध्ये मध्ये नखाएवढी फुलं. कुठे एक रंग संपून दुसरा सुरू होतो ते मी वाकून शोधलं, सापडलं नाही.

"एकही मोठं झाड नाही?" मी विचारलं.

"खाली टाकी आहे. वरच्या स्लॅबला एवढंच वजन चालतं." तिने हाताची वीत दाखवली. "एवढीच माती. तीसुद्धा कोरडी नाही, भिजलेली धरून. भिजली की दीडपट होते. म्हणून खोल मुळाचं काही लावायचं नाही. जे एवढ्या मातीत सुखाने राहील तेच लावते."

मी खाली बसलो. भिजलेली धरून! मी एकतीस वर्षं लिफ्टवाल्यांना हेच सांगत आलो, की वजन धरताना माणूस सामानासकट धरा. कोणीही धरलं नाही. आणि इथे एक बाई, जिला कोणी वजनाचं शास्त्र शिकवलं नव्हतं, ती वितीने माती मोजून त्यात एवढं सगळं फुलवत होती. मी दोन तास तिथे होतो. तिने दोनदा चहा दिला. कडेची नाली पाहिली, साफ. पानं उलटी केली, स्वच्छ. झारीला गळती नव्हती.

चहा पिताना तिने सांगितलं की हे पाचवं वर्ष आहे. सार्वजनिक बाग पाच वर्षं पहिल्या तिनात आली नाही, तर ती 'अनावश्यक' ठरते. विभागाला मोडके बाक ठेवायला जागा हवी होती. बाग काढायची, वर पत्रे घालायचे आणि बाईंना रस्त्याच्या दुभाजकावर पाणी घालायला पाठवायचं, असं ठरलंच होतं. "यायचे ते परीक्षक फाटकातूनच बघून जातात," ती म्हणाली. "तुम्ही पहिले बसलात."

मी तिच्यासमोर तक्ता काढला आणि पाच चौकोनांत पाच शून्यं लिहिली. नीट, गोल, एकेक करून. नोकरीनंतरची माझी पहिली आणि आयुष्यातली तिसरी. घरी येताना सांगायला कोणी नव्हतं, म्हणून मी मास्तरांना सांगितलं.

"शून्य?" मास्तर म्हणाले. "एवढी वाईट?"

इतिहासाच्या माणसाला तांत्रिक गोष्टी काय समजावणार? मी नुसतं 'हं' म्हणालो. मास्तर गार पडले.

निकालानंतर दोन दिवसांनी चेअरमन माझ्या दारात. हातात मिठाईचा डबा, काखेत पितळी ढाल. "वहिनी कुठे आहेत? त्यांचेच पाय धरायला आलोय! पहिला नंबर! पन्नासपैकी अडतीस!"

मी म्हणालो, "अडतीस काय?"

"गुण!"

मला आधी कळेना. मग कळलं, आणि कळल्यावर मी चेअरमनना दारातच उभं ठेवून चपला घातल्या. समोरच्या वहिनी त्यांच्या दारातून म्हणाल्या, "भावजी, पाहुण्यांना बसा तरी म्हणा!" मी तोवर जिना उतरत होतो.

टाकीवर माळीणबाई गवत काढत होती. तिने मान वर केली नाही.

"दोन तास बसलात," ती म्हणाली. "दोनदा चहा प्यायलात. आवडली नव्हती तर दुसऱ्यांदा कशाला प्यायलात?"

"बाई, माझ्या लेखी शून्य म्हणजे..."

"सगळ्यांच्या लेखी शून्य म्हणजे शून्यच. स्पर्धेत कोणालाच कधी शून्य मिळालं नाही म्हणे. साहेब स्वतः बघायला आले होते, एवढं वाईट काय आहे ते."

मी सगळं सांगितलं. दोर, ब्रेक, चौकोन, दोन लिफ्ट. तिने शेवटपर्यंत ऐकलं, गवताची मूठ बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हे मला कशाला सांगता? कागदाला सांगा. पुढच्या सोमवारी पत्रे येणार आहेत."

हरकतींची सुनावणी शुक्रवारी होती. लांब टेबल, एका टोकाला उद्यान अधीक्षक, त्यांच्या शेजारी खिडकी चारच्या बाई लिहून घ्यायला. चेअरमन ढाल मांडीवर घेऊन बसलेले. दोघी बहिणी आलेल्या, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या सोडून. डॉक्टर उशिरा आला. माळीणबाई दाराशी उभी.

"कोणाच्या तक्त्यावर हरकत आहे?" अधीक्षकांनी विचारलं.

"माझ्याच," मी म्हणालो.

मी उभं राहून सांगितलं. अधीक्षकांनी दोनदा विचारून खात्री केली. "म्हणजे अडतीस गुण नव्हेत, चुका आहेत?"

"अडतीस?" चेअरमन म्हणाले.

"कमीच धरल्या आहेत."

डॉक्टरला खोकला आला. अधीक्षक म्हणाले, "गैरसमज झाला, ठीक आहे. पण तक्ता बदलणार कोण? प्रतिनिधीला तो अधिकार नाही. परीक्षकांनी स्वतः यायला हवं. उद्या मॅडमना पाठवून द्या, पाच मिनिटांचं काम आहे."

"त्या येणार नाहीत."

"मग सोमवारी सकाळी?"

"नाही."

"अहो, घरूनच सही आणा की वहिनींची," चेअरमन म्हणाले. बोलायला नको होतं असं त्यांना वाटण्यासारखं काही नव्हतं. ते मदतच करत होते, स्वतःची ढाल जाणार असताना.

मी दाराकडे पाहिलं. माळीणबाईच्या नखांत माती होती आणि ती हात मागे धरून उभी होती. मी म्हणालो, "ती गेली. तुमचं पत्र यायच्या सहा आठवडे आधी."

मी खुर्चीत बसलो. मग थोरली बहीण म्हणाली, "पाणी दे त्यांना." धाकटी उठली, जगमधलं पाणी पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवलं आणि परत जाताना रिकाम्या खुर्च्या ओलांडून थोरलीच्या शेजारी बसली. त्या दोघी याआधी थेट एकमेकींशी बोलल्या त्याला अकरा वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त पाणी प्यायलो.

अधीक्षक बिचारे अवघडले. "मला माफ करा. पण मग... नेमणूकच बाद होते. तक्ते बाद. मग गेल्या वर्षीचाच निकाल धरावा लागेल." गेल्या वर्षी टाकीवरची बाग आठवी होती.

"साहेब," खिडकी चारच्या बाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला होता. "नमुना तीनवर 'परीक्षक गैरहजर असल्यास' असं आहे. सही आहे, शिक्का आहे."

"अहो बाई, पण गैरहजर म्हणजे..."

"गैरहजरच आहेत. कारणाचा रकाना नाही. आणि किती दिवस गैरहजर, हे विचारायची तरतूद नाही." त्यांनी पान उलटलं. "आकडे खोडता येणार नाहीत. पण प्रतिनिधीला मागच्या बाजूला खुलासा जोडता येतो. दोन ओळींच्या वर नको."

मी दोन ओळींत लिहिलं: "या तक्त्यांतले आकडे दोषांचे आहेत. कमी ते चांगले." खाली तिचं पूर्ण नाव लिहिलं, 'यांच्याकरिता' लिहिलं आणि सही केली. खुलासा वाचून अधीक्षकांनी पुन्हा बेरजा मागवल्या. टाकीवरची बाग पहिली, बहिणींची दुसरी, डॉक्टर तिसरा.

चेअरमननी उठून ढाल स्वतः माळीणबाईच्या हातात दिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्या अडतीस कोणकोणत्या, हे घरी येऊन दाखवाल का?" मी दर रविवारी जातो. सध्या आम्ही सतराव्या दोषावर आहोत. हरीण अजून आहे, त्याच्यावर त्यांचा जीव आहे. पण गवत खरं लावलंय, आणि मी परवा तिथे बूट काढून चाललो. बाकीच्या बागांतही मी जातो. कमळांच्या तळ्याजवळ मुकादम मला आता लांबूनच हात करतो आणि तो दगड दाखवतो.

सोमवारी पत्रे आले नाहीत. निकालाचा कागद मात्र आला आणि माळीणबाईने तो काचेत घालून टाकीच्या फाटकावर लावला. त्यावर परीक्षक म्हणून माझ्या बायकोचं नाव आहे. माळीणबाईला वाचता येतं, पण तिने मला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग ती मला कोपऱ्यातल्या एका वाफ्याजवळ घेऊन गेली. माती नुकतीच चाळून भरलेली होती.

"ज्यांच्या नावाने बाग राहिली त्यांचं काहीतरी इथे हवं," ती म्हणाली. "त्यांना काय आवडायचं?"

"सांगतो," मी म्हणालो.

घरी येऊन लेकीला फोन केला. ती म्हणाली, आईला पांढरी फुलं आवडायची. मेव्हणीला विचारलं तर ती म्हणाली, पांढरी? छे, तिला लहानपणापासून पिवळ्याचं वेड. समोरच्या वहिनी म्हणाल्या, त्यांना फुलांचं काही नव्हतं भावजी, त्या पानांवरच जीव टाकायच्या. मास्तरांनी गवत लावा असा सल्ला दिला. मी स्वतः आठवून पाहिलं. ती चहात साखर कमी घ्यायची, लिफ्टला घाबरायची आणि चौथ्या मजल्यावर जिन्याने जायची, हे मी खात्यात कोणाला कळू दिलं नव्हतं. तिचा चपलेचा नंबर मला ठाऊक आहे. बागेत नेलं तर ती कुठे थांबली असती, कशापाशी वाकली असती, हे मला ठाऊक नाही. कारण मी तिला कधी नेलं नाही.

याला तीन महिने झाले. माळीणबाई दर आठवड्याला त्या वाफ्यातलं तण काढते आणि मला विचारते, आणि मी पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणतो. वाफ्यात अजून काही लावलेलं नाही.